महागाई भत्ता आणि बायनाबाईची भाकरी

पेडगावात शाळेच्या मागच्या गल्लीत बायनाबाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर एक चूल, एक परात, चार पाट आणि बायनाबाईचं तोंड. त्यात सगळ्यात जास्त चालायचं ते तोंड.

नवरा वारला तेव्हा धाकटा दीर म्हणाला होता, "वैनी, आता आमच्यातच ऱ्हावा. दोन घास खावा, गप बसावा." दोन घासाचं एक वेळ जमलं असतं, पण गप बसायचं काही बायनाबाईला जमणारं नव्हतं. तिनं दुसऱ्याच दिवशी परगावच्या मास्तरांना पाट मांडले. महिन्याला साठ रुपये. दोन्ही वेळेला तीन-तीन भाकरी, तोंडी लावायला भाजीचं कोरड्यास, वर ठेचा. भाकरी अशी की ताटाच्या काठाबाहेर चहूकडून दोन बोटं यायची. ठरवताना पार भरल्या ओट्यावर बोलून बसली, "साठ म्हंजी साठ! मी मरस्तोवर."

ती काही मेली नाही, आणि मधी शहाऐंशी साल आलं.

त्या साली पावसानं नुसतं तोंड दाखवलं. दिवाळी झाली आणि बायनाबाई ज्वारी आणायला सटवाजीच्या दुकानात गेली. दोन रुपये किलोची ज्वारी त्यानं साडेतीन सांगितली.

"कामून रं सटवाजी? सोन्याचं पाणी दिलंस काय तिला?"

"मावशी, माल कुठाय? परभणीच्या मोंढ्यात पयले शंभर पोती यायची, आता पंधरा यायलीत. अन् घेणारे वाढलेत. सरकारनं सडकेचं काम काढलं, खडी फोडायला हजार माणूस लागलंय. हप्त्याला हातात रोकडा पडायलाय. ते काय रोकडा खातेत? ज्वारीच मागतेत."

"मंग सरकारनं कामाबरुबर ज्वारी बी काढावी की."

"ते सरकारला सांगा. मला साडेतीन द्या."

आता आली पंचाईत. साठाचे सत्तर म्हणावे तर जीभ गावादेखत बांधलेली. त्यात जाऊ कुसुमबाई भिंतीपलीकडून रोज ऐकवायची, "जाऊबाई, झेपंना झालं तर या इकडं. पाट बी घिऊन या, मी घालीन जेवू. पंचावन्नात घालीन!" म्हणजे खानावळ बसली की दिराच्या दारात, कुसुमबाईच्या हातचे दोन घास. नुसत्या विचारानंच बायनाबाईचं पीठ घट्ट मळलं जायचं.

मग तिनं तोंडातून चकार शब्द न काढता भाकरी आवरायला घेतली. आधी बाहेरची दोन बोटं गेली. मग एक दिवस ताटाचा काठ दिसला. दिनकरराव गुरुजी, जिंतूरकडचे, शाळेत गणित शिकवायचे. ते काठाकडं बघून म्हणाले, "मावशी, ताट बदललं का?"

"ताट तेच हाय गुरजी. तुमाला चष्मा लागला आसंल."

मनातून तिला वाईट वाटायचं. भुकेल्या माणसाला कमी वाढणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. पण एका दुपारी जे कानावर पडलं त्यानं तिचं मन एकदम साफ झालं. गुरुजी आणि ग्रामसेवक भगवानराव जेवता जेवता बोलत होते.

"भाऊसाहेब, महागाई भत्ता मिळाला का?"

"आज मिळाला. चार महिन्यांचा एकदम."

"आमचा थकलाय अजून."

बायनाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. पेडगावच्या बाजारात भत्ता म्हणजे एकच: मुरमुरे, फुटाणे, शेव, वर कांदा आणि तिखट. पुडीत बांधून मिळायचा. ती मनाशी म्हणाली, अगं माय! म्हंजी सरकार ह्यांना भत्ता खाऊ घालतंय? अन् साधा बी न्हाई, महागाचा! शेंगदाणे घालत आसतील. चार महिन्याचा एकदम दिला म्हंजी मुरमुरे तर पार सादळले आसतील. तरी हा बाबा खाऊन आला, अन् वर माझ्या तीन भाकरी?

तिनं आडून आडून विचारलं, "भाऊसाहेब, आजून कोणकोणता भत्ता देतंय सरकार?"

"प्रवास भत्ता असतो. घरभाडे भत्ता असतो."

प्रवासात भत्ता लागतो हे तिला पटलं. घरभाड्याचा भत्ता कशात कालवतात ते मात्र कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिनाच्या दोन भाकरी केल्या, आणि त्याही ताटात मोकळ्या फिरतील अशा.

आठ दिवस माणसं गप राहिली. नवव्या दिवशी गुरुजी शाळेतली फूटपट्टी घेऊनच पाटावर बसले. भाकरीवर आडवी ठेवली.

"साडेसहा इंच! मावशी, ही भाकरी आहे का पापड?"

"मोजा, मोजा. भत्ता मोजला व्हता का खाताना?"

"कसला भत्ता?"

"सरकारनं दिला त्यो! पोट तिकडं भरून यायचं अन् पट्टी हिकडं लावायची. मला काय डोळे न्हाईत? ह्यांनी तर चार महिन्याचा खाल्ला, तरी ढेकर न्हाई!"

भगवानरावांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, मग पुन्हा ठसका. उरलेल्या दोन पाटांवरचे नवे मास्तर भिंतीला टेकून हसले. गुरुजींनी पाणी पिऊन समजावलं, "मावशी, तो भत्ता खायचा नसतो. धान्य महाग झालं की सरकार पगारावर थोडे पैसे जास्त देतं. त्याला महागाई भत्ता म्हणतात."

बायनाबाई क्षणभर ओशाळली. पदर तोंडाला लावला. मग पदर हळूहळू खाली आला.

"म्हंजी ज्वारी महागली म्हून तुमाला पैसे?"

"हो."

"अन् ती ज्वारी इकत घेतंय कोण?"

भगवानरावांनी ताटाकडं बघत घास मोडला. हसणंही थांबलं.

"कोण घेतंय, बोला की! महागाई माझ्या चुलीत, अन् भत्ता तुमच्या खिशात?"

गुरुजी म्हणाले, "तसं नाही मावशी. सगळ्यांच्या हातात नुसता पैसा वाढवला तर सटवाजीची पोती वाढत नाहीत. भाव आणखी चढतो. रुपया दिसतो तेवढाच, पण आतून लहान होतो."

"मंग सरकार येवढे पैसे आणतंय कुठून?"

"कर घेतं. नाही पुरलं तर नाशिकला नोटा छापतं."

"बघा, म्हंजी माझं काय चुकलं? सरकार छापतंय, मी थापते. त्याचा रुपया लहान झाला, माझी भाकरी लहान झाली. त्याला लावा पट्टी!"

गणिताच्या मास्तरांनी पट्टी पिशवीत घातली. पण पोटं काही त्यानं भरत नव्हती. भगवानराव उठले आणि म्हणाले, "हे बघा मावशी, राग मानू नका. कुसुमबाई पंचावन्न म्हणतात. मी विचारून येतो."

बायनाबाई चुलीपुढं बसून राहिली. कान मात्र भिंतीकडं होते. पलीकडून भगवानरावांचा आवाज आला, मग कुसुमबाईचा.

"पंचावन्न? भाऊसाहेब, ते सुगीतलं बोलणं हो! घरची ज्वारी सरली. सटवाजी आज चार म्हणायलाय. नव्वद द्या, न्हाई तर जाऊबाईकडंच बरं हाय तुमचं."

भगवानराव परत आले आणि मुकाट्यानं पाटावर बसले.

"ऐंशी," बायनाबाई म्हणाली. "भाकरी काठाबाहेर. तीन."

"पण मावशी, तुम्ही मरस्तोवर साठ म्हणाला होता," गुरुजी म्हणाले.

"तवा रुपया जिता व्हता, गुरजी."

चौघांनी ऐंशी मान्य केले. रात्री ताटाचा काठ पुन्हा झाकला. भिंतीपलीकडं कुसुमबाई महिनाभर खोकत होती, बोलली नाही.

दोन वर्षांनी पाऊस असा झाला की ज्वारीला कणसं नव्हती, धुणं बडवायच्या मोगऱ्याच होत्या. सटवाजी गिऱ्हाइकाला हाका मारायला लागला, भाव अडीचवर आला. गुरुजींनी पहिला घास मोडायच्या आधीच विषय काढला, "मावशी, आता ज्वारी उतरली. साठावर या."

बायनाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली.

"येते की. तुमचा वाढलेला भत्ता सरकारनं माघारी नेला का?"

"तो... तो माघारी नेत नाहीत."

"मंग जेवा गुरजी. कोरड्यास निवायलंय."