तुरुंगातल्या न्हाव्याची डोकेपारख

…तर कैद्यांची डोकी मोजायला आलेल्या त्या विद्वानांनी पेटी उघडली, हा एवढा थोरला चिमटा काढला आणि पहिल्या कैद्याचं डोकं भोपळ्यासारखं त्यात धरलं, इथवर आलो होतो आपण. कैद्यांनी त्यांचं नाव फूटपट्टीसाहेब ठेवलं होतं, ते उगीच नव्हे. गुन्हेगार जन्मालाच तसा येतो, त्याच्या कवटीवर नि जबड्यावर ते दिसतंच, असं या गृहस्थांचं शास्त्र. एवढी बुकं वाचून हेच सुचायचं, तर डोळे कशाला फोडून घेतले म्हणतो मी!

डोकी भादरून द्यायचं काम न्हावीमामांकडे. मामा कैदी नव्हेत, पगारी माणूस. चुलत्याच्या हाताखाली शिकले आणि सव्वीस वर्षं तुरुंगातच वस्तरा चालवला. डोळे मिटून बोटं फिरवली तरी डोकं कुणाचं ते ओळखायचे. "ही खोक झाडावरून पडल्याची. आणि ही रे? बायकोचं लाटणं ना?" कैदी खुदखुदायचा. "हलू नकोस गाढवा, कान जाईल. मग साहेब मोजणार काय?"

त्या दिवशी एका विणकर कैद्याची सुटका ठरायची होती. कुलूप फोडल्याबद्दल पाच वर्षांची सजा. वागणूक चांगली म्हणून शेवटचं वर्ष माफ व्हायचं होतं. त्याची म्हातारी आई धुतलेला सदरा मांडीवर घेऊन सकाळपासून फाटकाबाहेर बसलेली. जेलरने सही करायला पेन उघडलं, तोच फूटपट्टीसाहेब कडाडले, "थांबा! याच्या कपाळावर हा उंचवटा बघा. आज सात जणांच्या कपाळावर सापडला, अगदी याच जागी! उपजत गुन्हेगार आहेत हे. याला सोडलंत तर उद्या पुन्हा कुलूप फोडेल."

शिकलेल्या माणसापुढे जेलरची नेहमीच गाळण उडायची. त्याने पेन मिटलं. विणकराचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, तुमचा तर रोजचा हात यांच्या डोक्यावर," जेलर चाचरत म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

"न्हाव्याला काय विचारता?" फूटपट्टीसाहेब टोपी खाली ओढत फिसकारले.

मामांनी वस्तरा पुसून ठेवला.

"जेलरसाहेब, ते सातही जण मागावर कामाला आहेत. मागाच्या खोलीची चौकट बुटकी. उंच माणूस येता-जाता तिथंच आपटतो, त्याच जागी. काल हे विद्वान माग बघायला आत शिरले, तेही आपटले. थंड पाण्याची पट्टी मीच ठेवली. आता यांची टोपी काढा, चिमटा लावा, आणि मग ठरवा, आज घरी कुणाला धाडायचं नि इथं कुणाला ठेवून घ्यायचं."