दुसरा घास

राहीबाईचं नाव निघालं की हर्ण्यातल्या बायका हात जोडत. नातीसाठी हाडाची काडं केली, सुनेला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, असं म्हणत. खोटं नव्हतं ते. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ती पार दापोलीपर्यंत चालत जायची. घरी पहिलं ताट सुनेचं, मग नातीचं, उरलं तर आपलं. पण माया करणाऱ्याच्या हातून काय काय घडतं, ते गावाला कुठून दिसणार?

१९२६ च्या मार्गशीर्षात मलबारहून गलबत परत आलं. त्यावर खलाशी म्हणून गेलेला राहीचा मुलगा केरू उतरला नाही. गलबतावर गावचे हे दोघेच होते; त्याच्या जोडीच्या बाबल्याने तिला पुळणीवर एकटीलाच गाठलं.

"काकी, केरू गेला. पटकीनं. आग मीच दिली."

राही वाळूतच बसली. तिला रडूही आलं नाही, कारण डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. नवरा कधीचाच गेलेला, दोन पोरं देवीने नेलेली. घरात आता एकोणीस वर्षांची सून चिमा आणि तिच्या अंगावर पिणारी हौसा. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे. वर्ष सरायच्या आत चिमाचा भाऊ येणार, तिचं दुसरं लग्न लावणार आणि पोर आईबरोबर जाणार. मग चुलीपुढे राहील कोण, राही आणि मांजर.

"बाबल्या, तो झांझिबारच्या गलबतावर चढला म्हणून सांग. येईल म्हणावं."

बाबल्या नाही नाही म्हणत होता. तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आईच्या वयाच्या बाईने पायांवर लोळण घेतल्यावर तो तरी काय करणार? त्याने कबूल केलं, आणि पुन्हा कधी त्या आळीकडे फिरकला नाही.

चिमाचा भाऊ आलाच. बहिणीसाठी त्याने दापोलीकडचा एक विधुर पाहिला होता, चार शेतं बाळगून असलेला, स्वभावाने गरीब. "नवरा जित्ता असताना पाट लावशील काय रे?" असं म्हणून राहीने त्याला उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. चिमा ओटीवर जाळं विणत ऐकत होती. पुढे ती दर वटपौर्णिमेला मेलेल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपाशी राहायची. तिच्या उपासाला फणसाचे गरे राहीच आणून द्यायची. बघा आता.

एक मात्र राहीला सोसत नव्हतं. ज्याचं मरणच लपवलं, त्याला पिंड कुठला? सर्वपित्रीला ती कावळ्यांसाठी पान वाढी. त्यावर नवऱ्याच्या नावाचा घास, आणि कडेला गुपचूप दुसरा.

"आत्याबाय, ह्यो दुसरा कोनाचा?" चिमाने एकदा विचारलं.

"ज्याला कोन नाय त्याचा."

आपल्याच पोराला तिने असं बेवारशांच्या पंक्तीला बसवलं.

अकरा वर्षांनी राहीने अंथरूण धरलं. पाय सुजले, पेज घशाखाली उतरेना. मरणाला ती भीत नव्हती. आपल्यामागे केरूला कोण जेवू घालणार, एवढाच घोर होता. सर्वपित्रीच्या सकाळी पेज पाजायला आलेल्या चिमाला तिने सगळं सांगितलं. माफी मागायचं तिला सुचलं नाही. "त्याला उपाशी ठेवू नको," एवढंच म्हणाली.

चिमाने वाटीतली उरलेली पेज सासूला पाजली, तिचं तोंड पुसलं. मग ती मागल्या दारी गेली. दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज राहीला आला. बऱ्याच वेळाने चिमा केळीचं पान घेऊन अंगणात बसली, उघड्या दारातून दिसेल अशी. सासऱ्याचा घास ठेवला, केरूचा ठेवला. मग तिसरा ठेवला.

"ह्यो कोनाचा, चिमे?"

"चिमाचा," सून म्हणाली. "एकोणीस वर्सांची व्हती. त्याच साली गेली. तिलाबी कुनी सांगितलं नाय."

कावळे उतरले. राहीने तोंड भिंतीकडे केलं, पण त्यांचं ओरडणं ऐकू येतच राहिलं.