इंदूबाईंची इर्जिक

इंदूबाई आमच्याकडे आल्या त्या २००६च्या दिवाळीनंतर. पौड रस्त्याला, पिरंगुटच्या पुढे आमचं वृद्धनिवास आहे. मी तिथली व्यवस्थापक. सत्तावीस वर्षं इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली, त्यामुळे नियम अंगात मुरलेले. इंदूबाईंची महाळुंग्याची भातखाचरं इमारतींखाली गेली होती. मुलगा प्रमोद दिवसभर जमिनीच्या व्यवहारांत, सून हिंजवडीत नोकरीला. इंदूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी बघायला कोणी नाही म्हणून प्रमोदनं त्यांना इथं आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज चालल्या तर उभ्या राहतील, पडून राहिल्या तर कायमच्या पडतील.

आणि त्या पडून राहिल्या. आमच्याकडे ताट खोलीत, चहा खोलीत, टीव्हीही खोलीत. जाहिरातीत हे मीच मोठ्या ऐटीत छापून घेतलं होतं. इंदूबाई अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायच्या. रक्तदाब वाढला, आम्ही गोळी वाढवली. झोप येईना, आणखी एक गोळी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली गत.

एका सकाळी त्या वॉकर ढकलत शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे नरहरीकाका राहायचे, निवृत्त पोस्टमास्तर. हात कापायचे म्हणून त्यांनी सहा महिने कपाटाला हात लावला नव्हता. इंदूबाई त्यांच्या कॉटवर बसल्या आणि एकेक कपडा मांडीवर घेऊन घड्या घालायला लागल्या. हे काम तुमचं नाही म्हणून मी रागावले, तर मान वर न करता म्हणाल्या, "आज ह्यांची इर्जिक हाय. उद्या दुसऱ्या कुनाची."

इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्या गावानं राबायचं. मजुरी घ्यायची नाही. ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं आणि दुसऱ्याची पाळी आली की त्याच्याकडे जायचं. इंदूबाईंनी ही रीत आमच्या व्हरांड्यात आणली. ज्याची पाळी त्याच्या खोलीत सगळे जमायचे. कोणी पत्र वाचून दाखवायचं, कोणी केसांना तेल लावायचं, कोणी नखं कापायचं. नवरा गेल्यापासून कुणाशी न बोललेल्या रत्नाबाई सुईदोरा घेऊन सगळ्यांची बटणं लावायला बसू लागल्या. यजमानानं चहा-बिस्किटं द्यायची. एकदा कुणाचा पाहुणचार घेतला की दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीत बसून राहायची सोय नाही. दुखतंय, खुपतंय म्हटलं तर इंदूबाई स्वतः काठी वाजवत न्यायला यायच्या.

हो, काठी. तीन महिन्यांत वॉकर सुटला होता. नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे: इंदूबाईंची झोपेची गोळी बंद, वजन दोन किलो वाढलं. नरहरीकाकांची साखर आटोक्यात. इतकी वर्षं औषधं वाटली, पण असा गुण मी कुठल्या बाटलीत पाहिला नव्हता. स्वतःची पाळी मात्र इंदूबाई मागे मागे ढकलत राहिल्या. शेवटी मार्चमधला एक गुरुवार ठरला.

आदल्या दिवशी, बुधवारी, प्रमोद आला. सोबत सोयरे होते. त्यांच्यासमोर त्यानं पाहिलं की आई परक्या म्हाताऱ्याच्या पायाची नखं कापतेय. माझ्या ऑफिसात येऊन तो तापला. पैसे भरून आईला दुसऱ्याची सेवा करायला ठेवलीय, गावात तोंड कसं दाखवू, विश्वस्तांकडे जातो, असं बरंच बोलला. चार महिन्यांत दोनदा फिरकलेला माणूस, उंटावरून शेळ्या हाकत होता. हे त्याला सुनावायला हवं होतं. मी सुनावलं नाही. मला माझ्या नोकरीची भीती वाटली. संध्याकाळी मी सूचना लावली: रहिवाशांनी एकमेकांच्या खोलीत जाऊन कामे करू नयेत.

सगळे आपापल्या खोलीत गेले. इथली माणसं मुकाट ऐकतात, कारण इथून काढलं तर जायचं कुठं हे त्यांना माहीत नसतं.

इंदूबाईंनी आपल्या पाळीसाठी स्वयंपाकघरातून गूळ-शेंगदाणे आणून डब्यात ठेवले होते. गुरुवारी त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. ताट पुन्हा अर्धं परत यायला लागलं. मी रोज जाऊन उठा म्हणायचे, त्या हो म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात मी आणि आयाबाईंनी धरून उभं केलं तर पाय थरथरले आणि त्या खाली बसल्या. त्या दिवशी मी तो कागद फाडला आणि खोल्याखोल्यांतून हात जोडत फिरले.

सगळे आले. नरहरीकाका सर्वांत आधी. गर्दी बघून इंदूबाई म्हणाल्या, "बाई, मला बसती करा. इर्जिकीला मानसं आली आन् घरधनीन झोपून ऱ्हाती व्हय?"

आम्ही उशा लावून बसवलं. रत्नाबाईंनी केस विंचरले. इंदूबाईंनी प्रत्येकाच्या हातावर स्वतः गूळ-शेंगदाणे ठेवले आणि दुपारी पूर्ण भाकरी खाल्ली. पाय मात्र परत आले नाहीत. डॉक्टर वयाचं कारण देतात. मला ते पटत नाही. तीन आठवडे मी त्यांना एकटं पाडलं, त्यात ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी प्रमोद आला. इंदूबाईंची खोली पुन्हा माणसांनी भरलेली. मी उठून दारात उभी राहिले, या वेळी काय बोलायचं ते ठरवून. पण इंदूबाईच बोलल्या, शांतपणे.

"माज्या इर्जिकीला समदी आली, पमोद. तू तेवढा ऱ्हायलास."

त्यानं चपला काढल्या. मग आत येऊन आईच्या पायाशी बसला आणि नरहरीकाकांनी पुढे केलेलं नेलकटर त्यानं घेतलं. त्याला जमेना. म्हाताऱ्या माणसांची नखं जाड होतात, आधी कोमट पाण्यात भिजवावी लागतात. ते त्याला माहीत नव्हतं. मी पाणी आणायला गेले.