नळीवरची हळद

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. घरात तिला 'काकांची रक्ताची केस' म्हणतात आणि हसतात. हसू देत. पोलिसातल्या नोकरीची सगळी वर्षं मी दक्षिण वेल्समध्ये काढली, पण खून आणि दरोडे नेहमी दुसऱ्याच कोणाच्या ड्यूटीत पडायचे. माझ्या वाट्याला आलं शस्त्रपरवान्यांचं काम. लोकांच्या घरी जायचं, बंदुकीचं पोलादी कपाट भिंतीला पक्कं ठोकलंय का ते हलवून बघायचं, चहा प्यायचा, रिपोर्ट लिहायचा.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. कार्डिफच्या उत्तरेला एक मराठी डॉक्टर राहायचे. मूळचे पुण्याचे, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. डोंगराकडच्या एका शेतकऱ्याच्या रानात हरणं फार झाली होती, तिथे हे रीतसर परवानगीने शिकारीला जायचे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जड रायफल चढावर झेपेना. मग त्यांनी दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने ओढायची एक हलकी रायफल घेतली आणि ती आणखी हलकी करायच्या मागे लागले. गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, नळी थोडी आखूड करून घेतली. ट्रिगरभोवतीची लोखंडी पट्टी काढून ॲल्युमिनियमची बसवली. अक्रोडाचा दस्ता आतून कोरून घेतला आणि बाहेरून स्वतः हिवाळाभर तेल चोळत बसले.

परवान्याच्या नूतनीकरणाला मी गेलो, तेव्हा त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवून दाखवली.

"बघा, पूर्वीपेक्षा किती कमी झालं."

"माझं नेमकं उलट चाललंय," मी म्हणालो.

ते हसले, पण मी हात पुढे करताच मला बेसिनकडे पाठवलं. "साबणाने धुवा हं. घामात मीठ असतं. नळीवरच्या त्या काळ्यानिळ्या मुलाम्याला नुसता ओला हात लागला तरी गंज धरतो." त्यांची बायको आतून म्हणाली, "भाऊजी, माझ्या हाताला कणीक असली तर हे मला त्या खोलीत उभंसुद्धा राहू देत नाहीत."

हे वाक्य मी तेव्हा चहाबरोबर गिळून टाकलं. पुढे तेच उपयोगी पडणार होतं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात स्टेशनला फोन आला. डॉक्टरांच्या शेजारच्या एक वयस्कर बाई बोलत होत्या. खिडकीतून दिसतंय, समोरच्या खोलीत टेबलावर रायफल आहे, तिला रक्त लागलंय, खोलीत धूर आहे आणि माणूस कोणी दिसत नाही. सार्जंटने रजिस्टरमध्ये पत्ता काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुझ्याच गावचे दिसतात. तू जा, एका कॉन्स्टेबलला घेऊन जा."

गाडीत बसताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आज दसरा.

दार डॉक्टरांनीच उघडलं. नुकतेच हॉस्पिटलातून आले असावेत, कोटसुद्धा अंगावर होता. आत टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर रायफल. शेजारी त्यांचा स्टेथोस्कोप आणि स्वयंपाकघरातली विळी. सगळ्यांना हळदकुंकू, शेवंतीची फुलं, आणि आपट्याऐवजी कुंपणावरच्या आयव्हीची पानं. उदबत्ती जळत होती. कॉन्स्टेबलने बोटाने कुंकू चाचपलं, हुंगलं आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी त्याला म्हणालो, "ही पावडर आहे. सणाची." रायफल रिकामी आहे, गोळ्या वेगळ्या पेटीत कुलपात आहेत, ही खात्री त्याने करून घेतली.

रक्ताचा प्रश्न मिटला. दुसरा उरला.

"रायफल कपाटातून कोणी काढली?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "दुसरं कोण काढणार?"

"आणि किल्ली?"

"माझ्याकडेच असते की."

त्यांची बायको दाराशी उभी होती. एरवी 'भाऊजी, बसा' म्हणणारी बाई आज नुसती डॉक्टरांकडे बघत होती. कायदा साधा होता. परवानाधारकाशिवाय कोणाचाही हात त्या कपाटात जाता कामा नये. गेला असेल तर डॉक्टरांचा परवाना आणि रायफल दोन्ही जाऊ शकत होते, आणि जिने ती हाताळली तिच्यावर स्वतंत्र गुन्हा दाखल होऊ शकत होता.

नोकरीत मला शिकवलं होतं की खोटं बोलणाऱ्याचे डोळे बघावेत. भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांत बघून काही कळत नाही. समोरच्याला शांत वाटावं हाच त्यांचा धंदा. म्हणून मी रायफल बघत बसलो. हळद ओली होती. नळीवर चांगली बोटभर पट्टी ओढलेली, तिचं पिवळं पाणी बोल्टच्या फटीत उतरत होतं. दस्त्याच्या नक्षीत कुंकू भरलं होतं. आणि डॉक्टरांचा उजवा हात सारखा खिशातल्या रुमालाकडे जाऊन परत येत होता.

"डॉक्टर," मी मराठीत म्हणालो, "पुसायची असेल तर पुसा."

"नको. पूजा झालेली आहे."

"मला हात धुवायला लावणाऱ्या माणसाने स्वतः नळीवर ओली हळद लावली?"

त्यांनी रुमाल खिशात आणखी खोल कोंबला. कान मात्र लाल झाले.

"अहो, पुरे झालं," दारातून आवाज आला. "भाऊजी, मी काढली. किल्ली देवघरात असते, अन्नपूर्णेच्या मागे."

"तू गप्प बस," डॉक्टर म्हणाले.

"का गप्प बसू? माझ्यासाठी खोटं बोलताय आणि धड बोलताही येत नाहीये तुम्हाला."

मग सगळं बाहेर आलं. ऑपरेशन थिएटरला जाताना कपडे बदलावे लागतात, किल्ली हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये राहते, याची डॉक्टरांना धास्ती होती. म्हणून त्यांनी ती घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. मराठी माणसाला देवघराहून सुरक्षित जागा कुठली सुचणार? तिथे रोज कोणाचा हात जातो, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही.

"पण वहिनी, रायफल कशाला? स्टेथोस्कोप होता, विळी होती."

त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "विळी घेऊन हे डोंगरात एकटे जात नाहीत, भाऊजी. धुकं उतरलं की मी इथे खिडकीशी. त्या वेळी यांच्याबरोबर कोण असतं? हीच ना? मग वर्षातून एकदा हिला नमस्कार करून सांगायला नको, की यांना नीट घरी आण?"

कॉन्स्टेबल मला म्हणाला, "काय म्हणतायत त्या?" मी सांगितलं. त्याने वही मिटली, मग उघडली आणि पुन्हा लिहायला लागला.

रिपोर्टात मी जे घडलं तेच लिहिलं, पूजेचा अर्थसुद्धा. तो परिच्छेद टाइप करताना घामाघूम झालो. कुंकवाला इंग्रजीत काय म्हणावं हे पोलिसांच्या कोणत्याही फॉर्ममध्ये नव्हतं. रायफल ताब्यात घेतली आणि आहे त्या स्थितीत सीलबंद केली. पुरावा पुसायचा नसतो. डॉक्टर दारापर्यंत आले, त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले, पण रुमाल काढला नाही.

वरिष्ठांनी बराच काळ विचार केला. शेवटी वहिनींना समज देऊन सोडलं. डॉक्टरांना सक्त ताकीद मिळाली आणि अट घातली गेली: आकड्यांचं कुलूप, आकडे फक्त त्यांच्या डोक्यात. परवाना वाचला. वसंतात मीच रायफल परत द्यायला गेलो.

डॉक्टरांनी तिथेच तेलाची बाटली आणि फडकं घेतलं. हळद निघाली, नक्षीतलं कुंकू ब्रशने निघालं. नळीवर मात्र मुलामा खाऊन एक तांबूस डाग बसला होता, बोटाच्या रुंदीचा. मला वाईट वाटलं. म्हणालो, "गनस्मिथ घालवून देईल."

"देईल," ते म्हणाले. "मी नाही सांगणार त्याला."

पुढच्या दसऱ्याला मला जेवायला बोलावलं होतं. पडदे ओढलेले होते, कपाट बंद होतं, आणि वहिनी त्या बंद पोलादी दाराला हळदकुंकू लावत होत्या. शेजारच्या बाई सोफ्यावर बसून श्रीखंड खात होत्या.

पुढे नव्या पोरांना मी एवढंच शिकवत आलो, की कोणाला प्रश्न विचारण्याआधी तो काय जपतो ते माहीत करून घ्या. आणि जपलेली वस्तू तो डोळ्यांदेखत खराब होऊ देत असेल, तर तो तिच्याहून मोठं काहीतरी वाचवतोय असं समजा. डॉक्टर आता शिकारीला जात नाहीत. रायफल अजून त्यांच्याकडे आहे, वर्षातून एकदा मी ती बघतो, अर्थात हात धुऊन. सगळी नळी आरशासारखी आहे. त्या एका डागावरून मात्र ते फडकं अलगद उचलून पलीकडे टेकवतात.