विजेच्या इंजिनातली शांतता

भय्यासाहेब पागे पॅसेंजर चालवायचे. सकाळी उज्जैनहून इंदूर, संध्याकाळी परत. मी त्याच गाडीने अप-डाउन करायचो. मराठीत एम.ए. केलं आणि इंदूरच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवतो. उज्जैनला फ्रीगंजात आमची घरं समोरासमोर. त्यांचं वय एकोणसाठ, माझं सव्वीस. तरी दोस्ती होती. टावर चौकात चहा प्यायचा आणि इंजिनांच्या गोष्टी ऐकायच्या.

"आमच्या पूर्वजांनी शिंद्यांची घोडी सांभाळली," ते म्हणायचे. "मी रेल्वेची. दाणा तेवढा बदलला. आधी कोळसा, मग डिझेल, आता वीज येतेय."

ते नोकरीला लागले तेव्हा पॅसेंजर वाफेवर होती. इंजिनात बोलून उपयोग नसे. थांबायचं असलं की फायरमन फावडं लोखंडी फरशीवर दोनदा आपटायचा. मग डिझेल आलं. तिथे फावडं नव्हतं. ड्रायव्हरच्या खांद्यावर असिस्टंट थाप मारायचा. एक थाप म्हणजे पुढे बघा. दोन थापा म्हणजे ब्रेक. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. यांचं यांनी ठरवलेलं. त्यांची बहुतेक नोकरी त्या धडधडीत गेली. कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. डिझेलमध्ये बहिरा कोण आणि चांगला कोण, ओळखू येत नाही. सगळेच ओरडतात.

मला ते रामघाटावर कळलं. आरती संपली होती, गर्दी पांगली होती. ते पायरीवर बसले होते. मी मागून तीनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा हसले. चहा पिताना ते नेहमी माझ्या समोरच का बसतात, ते तेव्हा लक्षात आलं. ते ओठ वाचत होते.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

"डावा गेला. उजवा थोडा आहे." मग म्हणाले, "रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत, पराग. कुणाला सांगू नकोस."

"पण इंजिनावर..."

"डोळे शाबूत आहेत. माझ्या बापाला डोळ्यांमुळे इंजिनावरून उतरवलं होतं. ड्रायव्हर होता तो. शेवटची दहा वर्षं ऑफिसात साहेबांना पाणी पाजत होता. मला नाही पाजायचं."

शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घालतात. बायको-मुलं त्याच गाडीत बसतात, फलाटावर ढोल वाजतो. त्यांना तेवढंच हवं होतं. मी शब्द दिला.

दोन महिन्यांनी आमच्या पॅसेंजरचं डिझेल इंजिन गेलं. विजेचं आलं. सोबत सुमीत नावाचा नवा असिस्टंट आला. चांगला मुलगा. डिझेलवर कधी काम न केलेला. पहिल्या दिवशी भय्यासाहेब म्हणाले, "पराग, आत एसी आहे. घरातल्यासारखं बोलतात लोक." म्हणाले ते हसत, पण चहा तसाच राहिला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं.

कुसुमताई आमच्याच डब्यात असायच्या. मधल्या एका लहान स्टेशनवर त्यांची शाळा. त्या दिवशी वह्या तपासत बसल्या होत्या. स्टेशन आलेलं कळलं नाही. गाडी हलली तशा दाराकडे धावल्या, उतरल्या, आणि पदर दाराच्या दांडीत अडकला. गार्डने लाल झेंडी दाखवली. सुमीत खिडकीतून मागे बघत होता. त्याला झेंडी दिसली. मान न वळवता तो म्हणाला, "रोकिए साहब."

घरातल्यासारखं म्हणाला. खांद्यावर थाप मारायची त्याला कुणी शिकवली नव्हती. ब्रेक त्याच्याही हाताशी होता. पण त्याला वाटलं, साहेबांनी ऐकलं. गाडी थांबेना तेव्हा तो वळला. तोवर कुणीतरी साखळी ओढली होती.

कुसुमताई फलाटावरच गेल्या.

चौकशी बसली. सुमीत म्हणत होता, "मैंने बोला था." साक्षीला कुणी नव्हतं. भय्यासाहेबांच्या जबाबाच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी दुर्गाकाकू आमच्याकडे आल्या.

"यांना समजाव रे. म्हणावं, त्याने काही सांगितलंच नाही, एवढंच बोला. इतक्या वर्षांची नोकरी आहे."

"काकू, त्यांना ऐकू..."

"मला शिकवतोस? बारा वर्षं मी घरात ओरडून बोलतेय. सगळी गल्ली मला भांडकुदळ म्हणते. म्हणू दे म्हटलं."

मी गेलो. ते ओसरीवर बूट पुसत होते. काकूंचा निरोप सांगितला. त्यांनी माझे ओठ नीट पाहिले.

"त्या पोराची नोकरी जाईल," ते म्हणाले आणि दुसरा बूट उचलला.

चौकशीत त्यांनी सांगितलं, "सुमीतने बोला होगा. मुझे सुनाई नहीं देता. बारा साल से." साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांना निलंबित केलं. सुमीत कामावर परतला.

गेल्या शनिवारी त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. पॅसेंजर दुसऱ्याने नेली. ते रामघाटावर होते. कुसुमताईंच्या नावाने त्यांनी पाणी सोडलं होतं. पंड्याने गोत्र विचारलं, ते यांना ठाऊक नव्हतं. मी शेजारी बसलो. त्यांनी मला हाताने उठवलं आणि खालच्या पायरीवर, समोर बसवलं.

"त्या दिवशी तू डब्याच्या दारात होतास ना?"

"हो."

"मला काहीच ऐकू आलं नाही, पराग. सगळं शांत होतं." मग विचारलं, "त्या ओरडल्या का रे?"

मला मान वळवायची होती. वळवली असती तरी त्यांना कळलंच असतं. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

"ओरडल्या," मी म्हणालो. "तुम्हालाच हाका मारत होत्या. ड्रायव्हरसाहेब, ड्रायव्हरसाहेब."

त्यांनी मान हलवली. वाक्य पूर्ण वाचलं होतं.