सांडशीची पकड

गल्लीला सांडशी पहिल्यांदा दिसला तो एका टपालवाल्याला पाय धरून जिन्यावरून खाली ओढताना. सकाळचे साडेदहा वाजले होते, शाळेची घंटा नुकतीच झाली होती. टपालवाल्याचं डोकं पायरीपायरीवर आपटत होतं, आणि दर पायरीला सांडशी त्याला सांगत होता, "मान वर धर ना, दादा. लागतंय बघ." इतक्या मायेने बोलत माणसाला फरफटवणारा माणूस गल्लीने आजवर पाहिला नव्हता. पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, टपालवाला आत गेला, दार लागलं. तीन महिन्यांनी तो परतला तेव्हा गाल भरले होते आणि पत्रं ज्याच्या त्याच्या घरी पडू लागली. मग काय, शहराच्या या टोकालाही सांडशीचं नाव झालं.

हे नाव त्याला दारू सोडवण्याच्या केंद्रातल्या लोकांनी दिलं होतं. तापलेलं पातेलं सांडशीने धरावं तसं तो माणसाचं मनगट धरायचा. कितीही हिसडे दिले तरी सुटायचं नाही.

मूळचा तो हमाल. अकरा वर्षं प्यायला. एके दिवशी आई दारात आडवी आली, तर त्याने तिचा हात पिरगाळून मोडला. त्याच दुपारी मेहुण्याने केंद्राला फोन केला. केंद्राच्या मागच्या खोलीत सांडशीला रबरी नळीने इतकं मारलं की तो चार दिवस पालथा झोपला. पण दारू सुटली. बरा झाल्यावर तो तिथेच कामाला राहिला. सहा वर्षं झाली, थेंब शिवला नव्हता. "मला हाणलं म्हणून मी जगलो," हे तो अगदी सरळपणे सांगायचा. मार बंद झाला तर आपण पुन्हा पिऊ, ही भीती मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती.

तसे शहरात आणखी दोन रस्ते होते. सरकारी इस्पितळात मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर तपासून गोळ्या देत, आणि तिथेच दारू सोडलेल्यांची बैठक भरे. पण दोन्हीकडे माणसाने आपल्या पायाने जायला हवं. केंद्राची गाडी घरी येऊन उचलून नेई, म्हणून टेकीला आलेली घरं केंद्रालाच फोन करत.

केंद्राचा एक नियम होता. गाडी येईल त्या वेळी घरात कुणी थांबायचं नाही. आई रडते, बायको पाय धरते, आणि हाताशी आलेला माणूस निसटतो. म्हणून घरच्यांनी माणूस कुठे बसतो ते सांगायचं, फोटो पाठवायचा, दार नुसतं लोटून ठेवायचं आणि शेजारी जाऊन बसायचं.

एके दिवशी सकाळी फोन आला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोचा. रोज मार खाऊन तिच्या एका कानाला ऐकू येईनासं झालं होतं. "अकरा वाजता पुढच्या खोलीत सोफ्यावर लोळलेले असतात," ती म्हणाली. लग्नातला फोटो पाठवला आणि मुलीला घेऊन बहिणीकडे गेली.

तिला जे ठाऊक नव्हतं ते असं. तिचा थोरला दीर, चष्म्याच्या दुकानाचा मालक, त्याच सकाळी धाकट्या भावाला चार शब्द सांगायला आला. त्याला मधुमेह होता. घरून इन्सुलिन टोचून निघाला होता, खाणं भावाकडेच होईल म्हणून. घरात चिटपाखरू नव्हतं; बायको बहिणीकडे गेली तसा भाऊही पिशवी घेऊन बाहेर पडला होता. थोरला सोफ्यावर टेकला. दोघा भावांचे नाकडोळे, कपाळ, सगळं एकाच साच्यातलं.

सांडशी आणि दोघे गडी आत शिरले. थोरला दचकून उठला. "कोण तुम्ही? काय पाहिजे?"

"चला दादा, फिरून येऊ."

"अहो, मी पीत नाही! तो माझा भाऊ!"

गडी खो खो हसले. "आमच्याकडे कुणीच पीत नाही. सगळ्यांचा भाऊच पितो."

थोरल्याने दाराची चौकट घट्ट धरली. एका गड्याने त्याच्या बोटांवर गुडघा हाणला. चष्मा पडला, पायाखाली चुरला. थोरल्याने मान वळवून सांडशीच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की रक्त कोपरापर्यंत ओघळलं. सांडशीने त्याला दोन थोबाडीत ठेवून दिल्या. तोंड इतकं जवळ होतं, तरी दारूचा वास आला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पण काही जण वास लपवण्यात पटाईत असतात.

केंद्रात फोन आणि पाकीट काढून घेतलं, आणि थोरल्याला मागच्या खोलीत खाटेला बांधलं. पहिल्या दिवशी नुसतं पाणी, हा तिथला रिवाज. खाल्लेलं उलटून पडतं म्हणून. तासाभरात तो घामाने निथळू लागला. हात लटलटू लागले. आधी शिव्या दिल्या, मग जीभ जड झाली. "साखर," तो म्हणाला. "साखर दे रे... मला शुगर..."

"बघा, गोड मागतोय!" गडी टाळी देत म्हणाला. "पक्का आहे गडी."

दारू तुटली की माणसाला गोडाची हाव सुटते, हे तिथल्या प्रत्येकाने अंगावर भोगलेलं. घाम, थरथर, शिव्या, गोड: त्या माणसाचं सगळंच त्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं. त्याने खाटेवर डोकं आपटून घेतलं तेव्हा गड्याने नळीचे तीन फटके ओढले.

सांडशी दारात उभा राहून बघत होता. त्याला एकच गोष्ट खटकत होती. थरथर सुटायला रात्र जावी लागते. याला तासातच कशी?

दुपारी सव्वा वाजता त्याचा फोन वाजला. मोटारवाल्याची बायको, घरी परतलेली. आवाज चिरलेला. "तुम्ही आलाच नाहीत का हो? ते आत्ता पिऊन आलेत, ताटं फोडतायत. आणि दारात माझ्या थोरल्या दिरांची चप्पल दिसतेय, ते कुठे गेले? त्यांना डायबेटिस आहे हो!"

सांडशीने फोन खिशात कोंबला. तो धावत आत गेला. थोरला शुद्धीवर नव्हता. तोंडातून फेस, घशातून घरघर. हातापायाचे पट्टे त्याने सोडवले नाहीत, तोडले.

"काय चाललंय?" केंद्राचे चालक दारात आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"माणूस चुकलाय, सर. इस्पितळात न्यायचाय."

"इथेच शुद्धीवर आण. बाहेर नेलास तर उद्या केंद्राला टाळं. आत तेराजण आहेत, ते कुठे जातील? आणि तू रे? महिन्याभरात गटारात लोळशील."

नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. सांडशी क्षणभर थबकला. मग त्याने थोरल्याला पोत्यासारखं पाठीवर घेतलं.

"अडवा त्याला!"

गड्यांनी अडवलं. सांडशीचे दोन्ही हात पाठीवरच्या माणसाला धरण्यात गुंतले होते, म्हणून त्याने डोक्याने एकाचं नाक फोडलं. दुसऱ्याने नळी चालवली: पोटरी, बरगडी, कान, ओठ. ओझं खाली पडू नये म्हणून सांडशी वाकत नव्हता, आणि वाकत नव्हता म्हणून प्रत्येक फटका पुरता बसत होता. सहा वर्षं ज्या नळीला तो औषध म्हणत आला, ती त्या दिवशी त्याला नुसती नळी वाटली.

अंगणात ड्रायव्हर बिडी ओढत होता. सांडशीचं रक्ताळलेलं तोंड पाहून तो उठला. "किल्ली गाडीलाच आहे," तो हळूच म्हणाला. "मी संडासात आहे. मला काहीच ठाऊक नाही."

इस्पितळात शिरेतून ग्लुकोज चढवलं आणि काही मिनिटांत थोरल्याने डोळे उघडले. बिनचष्म्याच्या धुरकट नजरेनेही त्याने समोरचं तोंड ओळखलं आणि असेल नसेल तेवढा जीव एकवटून सांडशीच्या फुटलेल्या ओठावर मुठीने ठोसा हाणला. सांडशी जागचा हलला नाही. "अजून एक द्या," तो म्हणाला. "मी तुम्हाला दोन दिल्या होत्या."

"चालता हो," थोरला म्हणाला.

तो चालत पोलिसांकडे गेला आणि सगळं सांगितलं, आपण दिलेल्या दोन चपराकाही वगळल्या नाहीत. केंद्राला टाळं लागलं. आतल्या तेराजणांपैकी पाचजण थेट गुत्त्यावर गेले, हे खोटं नाही. मोटारवाल्याला मात्र त्याच्या थोरल्या भावाने शुक्रवारी हाताला धरून डॉक्टरांसमोर बसवलं. बायको लेकीसह बहिणीकडेच राहिली, नवऱ्याचं काय ते नंतर बघू म्हणाली. सांडशीला पाच महिने कैद झाली. सुटला त्या दिवशी गुत्त्यासमोर तो बराच वेळ उभा होता. मारायला कुणी नव्हतं, पकडायलाही कुणी नव्हतं. मग तो आपल्याच पायाने मागे वळला.

हल्ली तो बाजारामागच्या लाकडाच्या वखारीत फळ्या उतरवतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून इस्पितळातल्या बैठकीला जातो.