हनुवटीवरचा तीळ

पाट्या रंगवण्यात हयात गेलेल्या म्हाताऱ्याचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. वेबपेजं बनवणाऱ्या त्याच्या दिवट्या पोराने चित्रं काढायचं आपलं नवं पान त्याच्यापुढे लॅपटॉपवर उघडून ठेवलं. डाव्या हाताने चार दिवस खपून म्हाताऱ्याने वारलेल्या बायकोचा चेहरा काढला, हनुवटीवरच्या तिळासकट.

पोराने नीट बघायला विंडो ताणली. विंडोबरोबर कॅनव्हासची, म्हणजे पानावरच्या चित्राच्या चौकटीची, रुंदी बदलली, आणि रुंदी बदलली की कॅनव्हास आपोआप पुसला जातो. चेहरा गेला.

"बरं झालं बाबा, चूक घरातच सापडली. गिऱ्हाइकापुढे नाक कापलं गेलं असतं."

तासाभरात कोड दुरुस्त करून तो म्हणाला, "आता काढा पुन्हा."

म्हाताऱ्याने तिळापासून सुरुवात केली.

"पुरे, एका ठिपक्यावर भागतंय," म्हणत पोराने विंडो ताणली. तीळ जागच्या जागी राहिला. पोरगा खुशीत लॅपटॉप उचलून घेऊन गेला.